मोडलेला गिअर आणि दोन मिलिमीटरचा घोटाळा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. आज थोडे लोखंडाविषयी. ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की उसाची वाढ खुंटते, आणि पाळी चुकायला इंजिनातला एक गिअर पुरतो.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाच्या जुन्या विलायती डिझेल इंजिनातील कॅमच्या गिअरचे चार दाते उडाले. सुटा भाग मिळेना. बाहेरून घाईने करून आणलेला गिअर पहिल्या दिवसापासून खडखडत होता. आठव्या दिवशी तो गेलाच, शिवाय क्रँकवरचा चांगला गिअरही खाऊन गेला. मग त्यांच्या मुलाने घरच्या शेडमधील लेथ व मिलिंगवर नवी जोडी केली. ती आजही चालते. फरक मापात होता.

दाते मोजणे सोपे. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचे दाते दुप्पट. येथे क्रँकचे २४, कॅमचे ४८.

खरी मेख दात्याच्या मापात. मेट्रिक गिअरचे माप 'मॉड्यूल'. बाहेरच्या व्यासाला (मिलिमीटर) दात्यांच्या संख्येत २ मिळवून भागले की ते मिळते. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. जुनी विलायती यंत्रे इंचात, म्हणजे 'डी.पी.'त असतात. दात्यांत २ मिळवून व्यासाच्या इंचांनी भागावे.

जुन्या गिअरचा व्यास १२६.८ भरला. ५० ने भागून २.५३६ आले. पहिल्या कारागिराने ते अडीच मॉड्यूल धरले आणि १२५ मिलिमीटरचा गिअर केला. प्रत्यक्षात तो १० डी.पी.चा, म्हणजे २.५४ चा होता. मूळ व्यास ५ इंच, १२७ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचाच फरक, पण दाते पुरते भिडलेच नाहीत.

ही चूक टाळायची तर दोन शाफ्टमधील अंतर मोजावे. दोन्ही शाफ्टच्या बाहेरच्या कडांमधील माप घेऊन त्यातून दोन्हींचे अर्धे-अर्धे व्यास वजा करावेत. अडीच मॉड्यूल असते तर अंतर ९० आले असते, १० डी.पी.ला ते ९१.४४ येते. मुलाच्या मोजणीत ९१.४ आले. दाते झिजतात, शाफ्टमधले अंतर सहसा बदलत नाही.

पुढचे काम असे. भोक व बाहेरची बाजू लेथवर एकाच पकडीत कापावी, म्हणजे गिअर डगमगत नाही. डिव्हायडिंग हेडच्या ४० फेऱ्यांत काम एकदा फिरते, म्हणून ४८ दात्यांसाठी प्रत्येक दात्याला पाऊण फेरीहून थोडे अधिक, नेमके ५/६. ते १८ भोकांच्या वर्तुळावर १५ घरे होते. २४ साठी एक पूर्ण फेरी व १२ घरे. पिन ज्या भोकात आहे ते मोजायचे नाही, येथे पुष्कळ जण चुकतात. कटर १० डी.पी.चाच, ४८ ला ३ नंबर, २४ ला ५ नंबर. खोली सुमारे ५.५ मिलिमीटर. एकच गिअर करणार असाल तर कटरचा कोन (साडेचौदा की वीस अंश) जोडीदार गिअरशी जुळवून घ्या.

जुन्या गिअरवरील टायमिंगची खूण व चावीची खाच नव्यावर त्याच जागी हवी, नाहीतर व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतील. बसवल्यावर क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवावा. कुठे अडला तर इंजिन सुरू करू नये.

आमचे सांगणे एवढेच : गिअर मोडला की तुकडे फेकू नका. तुकडे, जोडीचा गिअर आणि शाफ्टमधील अंतर, हे तिन्ही घेऊनच कारागिराकडे जा. तासाभराची मोजणी उसाची एक पाळी वाचवते.

कळावे.
ऊस विकास अधिकारी