मालवणचा उकाडा सोसेल का?

प्रश्न : मी देवगाव रंगारीचा सेवानिवृत्त शिक्षक. मुलगा मालवणला नोकरीला आहे, आम्हा दोघांना तिथेच कायमचं बोलावतोय. तिथला उकाडा सोसेल का?

उत्तर : गुरुजी, मे महिन्यात तुमच्याकडे पारा 40च्या पुढे जातो, मालवणला बहुधा 33-34वर थांबतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. कूलर मात्र गावीच ठेवा. तो कोरड्या हवेतच गारवा देतो, तिथे नुसती ओल वाढवील. बाहेरची कामं सकाळी लवकर उरका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

मला उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याची धास्ती जास्त वाटते. तुमच्याकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, तिथे त्याच्या कितीतरी पट! कपडे वाळत नाहीत, शेवाळलेल्या जांभ्यावर पाय घसरतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं महागात पडतं. तेव्हा जून ते सप्टेंबर मुलाकडे राहून पाहा, तोवर गावचं घर विकू नका. पेन्शनची चिंता नको. हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वर मोबाइलवरूनही देता येतो.