छंदाचा हिशेब : छायाचित्रांसाठी संगणक निवडताना

बी. कॉम., चतुर्थ सत्र

आपल्या महाविद्यालयाच्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी छापले जातात. मी ज्याला संगणक म्हणतो, त्याला माझ्याच बाकावर बसणारा कन्नड माध्यमातून आलेला मित्र गणकयंत्र म्हणतो. छायाचित्र हा शब्द मात्र दोघांचाही एकच. दोन्ही भाषांनी या यंत्राला गणनेवरून नाव दिले, हे मला फार समर्पक वाटते. कारण संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांची रास असते. आणि आकड्यांचा प्रश्न आला की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात बोलायला हरकत नसावी.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांना छायाचित्रणाचा छंद आहे. कोणी पहाटे राजहंसगडावर जातो, कोणी किल्ल्यातील कमल बस्तीच्या छतावरचे दगडी कमळ टिपतो. कॅमेरा कसाबसा हाती येतो आणि मग चित्रांवर काम करण्यासाठी संगणक घेण्याची वेळ येते. दुकानात पाऊल ठेवताच ‘बजेट किती?’ असे विचारले जाते. वस्तुतः ‘काम काय?’ हा प्रश्न आपण घरूनच सोडवून निघायला हवा. पी.यू.सी.नंतर संध्याकाळी एका दुकानात जमाखर्च लिहून साठवलेल्या पैशांतून मी पहिला संगणक घेतला, तेव्हा तो सोडवला नव्हता. त्याची किंमत काय पडली, ते पुढे येईलच.

१) एका चित्राचे वजन

समजा, आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्या चित्रात आडवे ६,००० आणि उभे ४,००० ठिपके असतात. म्हणजे एकूण २ कोटी ४० लाख. हे चित्र कॅमेरा दोन प्रकारांनी देऊ शकतो. जेपेग या प्रकारात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीचा तपशील कॅमेराच टाकून देतो. रॉ या प्रकारात कॅमेऱ्याने टिपलेली मूळ नोंद राखली जाते आणि १४ बिटांच्या कॅमेऱ्यात पायऱ्या १६,३८४ असतात. कमल बस्तीतील अंधारा दगड आणि दारातून येणारे लख्ख ऊन एकाच चौकटीत आले, तर अंधारातली नक्षी नंतर उजळून काढता येते, ती या जादा पायऱ्यांच्या बळावर. जेपेगमध्ये तोच प्रयत्न केला की सावलीत डाग आणि पट्टे दिसू लागतात.

रॉ फाईल साधारणतः २५ ते ३० एमबीची असते. परंतु ती संपादनासाठी उघडली की फुगते. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट धरले, तर २ कोटी ४० लाख गुणिले ६, म्हणजे १४ कोटी ४० लाख बाइट, अर्थात १४४ एमबी होतात. त्यावर असेच पाच पूर्ण थर रचले तर ७२० एमबी. हा आकडा ध्यानात ठेवला की पुढचे सारे निर्णय सोपे होतात.

२) रॅम आणि डिस्क

रॅम म्हणजे मुनिमाचे मेज आणि डिस्क म्हणजे वह्यांचे कपाट. मेज लहान असेल तर मुनीम दर दोन मिनिटांनी उठून कपाटाकडे जातो. संगणकाचेही तसेच होते आणि आपण म्हणतो, ‘अडकला.’ ८ जीबी रॅममधला बराच भाग संगणकाची स्वतःची यंत्रणा आणि उघडी असलेली इतर कामे खातात. केवळ मोबाईलची किंवा जेपेग चित्रे थोडीफार उजळणाऱ्याला ती पुरेल. रॉ वापरणाऱ्याने १६ जीबी ही किमान मर्यादा मानावी. अनेक चित्रे जोडून रुंद देखावे करणाऱ्यानेच ३२ जीबीचा विचार करावा. काही लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीलाच पक्की जोडलेली असते. पुढे ती वाढवता येत नाही. हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

डिस्कच्या बाबतीत वेगाचा फरक मोठा आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५०० एमबी. एका सहलीची ३०० रॉ चित्रे प्रत्येकी २८ एमबीची धरली, तर एकूण ८,४०० एमबी होतात. ती वाचायला १२० एमबी वेगाच्या हार्ड डिस्कला ७० सेकंद, तर एसएसडीला १७ सेकंद लागतात. एनव्हीएमई जातीच्या एसएसडी याहून कितीतरी वेगवान असतात. पण कॅमेऱ्याचे कार्ड हळू असेल तर चित्रे उतरवताना त्या वेगाचा उपयोग होत नाही. म्हणून चालू कामासाठी ५१२ जीबीची एसएसडी आणि जुन्या चित्रांसाठी स्वस्त हार्ड डिस्क, ही विभागणी छंदी माणसाला परवडते.

३) प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले जाते ते हेच. चित्रसंपादनाला बरा प्रोसेसर हवा यात शंका नाही. तथापि मधल्या श्रेणीवरून सर्वांत वरच्या श्रेणीत गेल्याने चित्र निर्यात होताना काही सेकंद वाचतील, एवढेच. आपला बहुतेक वेळ जातो तो पाहण्यात आणि ठरवण्यात. आणि तो वेळ प्रोसेसर कमी करू शकत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा उपयोग दाणेदारपणा घालवण्यासारख्या जड कामांत होतो. परंतु साध्या संपादनास प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्सची सोय चालते. खेळांसाठी बनवलेले महाग कार्ड छंदाच्या नावावर खरेदी करू नये.

४) पडदा : जिथे मी चुकलो

मी माझे जवळजवळ सारे पैसे वेगवान प्रोसेसरवर घातले आणि उरलेल्यात मिळाला तो पडदा घेतला. त्या दिवाळीत मी आजीची चित्रे काढली. तिने डाळिंबी रंगाचे इरकल नेसले होते. माझ्या पडद्यावर तो रंग फिका दिसला, म्हणून मी तो वाढवला. चेहरा निळसर दिसला, म्हणून त्यात पिवळा मिसळला. छापून आणलेल्या प्रतीत लुगडे भडक आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा. आजी म्हणाली, ‘बाळा, ही कोण रे?’ मी छापणाऱ्याला दोष दिला. दोष माझ्या पडद्याचा होता.

रंगांच्या एका मान्य व्याप्तीला एसआरजीबी म्हणतात. १९९६ साली ती मांडली गेली आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. नेहमीची छपाई आणि बहुतेक पडदे हिच्यावर चालतात. स्वस्त पडद्यांच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. असा पडदा एसआरजीबीचे साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो. जो रंग पडद्यावर उमटतच नाही, त्याच्याविषयी आपण अंदाजाने निर्णय घेतो. म्हणून आयपीएस जातीचा आणि एसआरजीबी जवळजवळ शंभर टक्के दाखवणारा पडदा मागावा. टीएन जातीच्या पडद्यात मान थोडी हलवली तरी रंग बदलतात.

दुकानात परीक्षा सोपी आहे. आपलेच एक चित्र पेन ड्राईव्हमध्ये आणि त्याची चांगली छापील प्रत पिशवीत घेऊन जावे. दोन्ही शेजारी धरून पाहावीत. मग बाजूने आणि खालून पाहावे. घरी आल्यावर पडद्याचा उजेड कमी करावा; झगझगीत पडद्यावर बरोबर वाटलेले चित्र कागदावर काळवंडते. पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करणारे छोटे उपकरणही मिळते. ते एकट्याने घेण्यापेक्षा चार मित्रांनी मिळून घेणे शहाणपणाचे.

५) दुसरी प्रत

आजीची चित्रे नीट करून पुन्हा छापायची असे मी ठरवले. परीक्षा आल्या, काम लांबले. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. त्यानंतर महिनाभराने माझी हार्ड डिस्क कटकट आवाज करू लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. दुसरी प्रत नव्हती, कारण दुसरी डिस्क घेण्याइतके पैसे मी शिल्लक ठेवले नव्हते. चुकीच्या रंगांतली ती एकच छापील प्रत आज आमच्या घरी भिंतीवर आहे.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे : प्रती तीन, माध्यमे दोन आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक मामाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर, इतके साधे ते असू शकते. वाणिज्याच्या भाषेत हा विम्याचा हप्ता आहे. संगणक गेला तर पैसे जातात. चित्र गेले तर ते कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.

६) जुना की नवा ?

संगणकाची किंमत किती झपाट्याने उतरते, हे आयकराच्या घसाऱ्याच्या दरावरूनही कळते. पूर्वी त्यावर ६० टक्के घसारा मिळे. २०१७ मध्ये तो ४० टक्क्यांवर आणला गेला. घटत्या बाकीच्या पद्धतीने ५०,००० रुपयांचा संगणक पहिल्या वर्षाअखेर ३०,०००, दुसऱ्या वर्षाअखेर १८,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १०,८०० रुपयांवर येतो. बाजारभाव अगदी या दराने चालत नाही, हे खरे. पण जुन्या संगणकात आपला लाभ कुठे आहे, ते यातून दिसते. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. म्हणून जुना संगणक विंडोज ११ चालवू शकतो का, हे पाहूनच घ्यावा. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. नाहीतर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवावी. डिस्क जुनी घेऊ नये. ती नवीनच घालावी.

सॉफ्टवेअरचाही हिशेब मांडावा. दरमहा वर्गणी हे एक प्रकारचे भाडे आहे. वर्षांमागून वर्षे ते चालूच राहते. त्याऐवजी रॉ चित्रांसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, आणि थरांच्या कामासाठी गिंप, ही विनामूल्य मिळतात. गिंपची सुरुवात १९९५ मध्ये बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी केली होती, हे आपण विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

समारोप

माझ्या मते शंभर रुपयांतील पंचवीस पडद्यासाठी आणि पंधरा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या डिस्कसाठी आधी बाजूला काढावेत. उरलेल्या साठांत जो संगणक बसेल तो आपला. दुकानदार यादी वरून खाली वाचतो. आपण ती खालून वर वाचावी.

मराठीत आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझा मित्र म्हणतो, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ म्हण एकच आहे. मी तिच्यात एवढीच भर घालीन, की अंथरूण लहान असले तरी त्यात माणसांची जागा आधी राखावी. या वर्षी मी नवी डिस्क घेतली आहे, एक नव्हे, दोन. त्यांवरचे पहिले चित्र आईचे आहे.