एटीव्हीचा मागचा चिमटा व शॉकअप : दुरुस्ती कशी करावी?

नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणाऱ्या चार फुगीर चाकांच्या एटीव्ही गाड्या वाचकांनी पाहिल्या असतीलच. या गाड्यांची सहसा रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे दुरुस्तीला त्या टेम्पोत चढवूनच आणाव्या लागतात. पावसाळा सरत आला की ऐरोलीत आमच्याकडे अशा गाड्या येऊ लागतात. कारण सरळ आहे. रबाळे-महापे पट्ट्यात लेथ आणि प्रेस दोन्ही हाताशी मिळतात. गॅरेज चालविणाऱ्या आपल्या तरुणांनी हे काम शिकून घ्यावे. स्पर्धा कमी आहे, पण खाऱ्या पाण्याने आणि वाळूने खाल्लेली गाडी कारागिराची परीक्षा घेते.

लहान एटीव्हीची मागची रचना बहुधा मोटारसायकलसारखीच असते. एक स्विंग आर्म, म्हणजे आपल्या भाषेत चिमटा, वर एकच शॉकअप, आणि दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल चेनवर फिरतो. मोठ्या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात असतात. त्यांचा विचार येथे नको.

गाडी आली की लगेच पाना हाती घेऊ नका. सीटवर जोर देऊन सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा नाचली तर शॉकअपचे तेल गेले. मग मागील भाग जॅकने उचलून घोडीवर पक्का टेकवा आणि चाक वर-खाली धरून हलवा. ॲक्सल स्थिर राहून नुसते चाक हलले तर हबचा नट किंवा त्याच्या खाचा गेल्या. चाकासह ॲक्सल हलला तर बेअरिंग. चिमट्याचे शेपूट धरून डावी-उजवीकडे ढकलता तो सरकला, तर दोष पुढच्या बुशांचा. हे तिन्ही दोष गिऱ्हाईक एकाच शब्दात सांगतो : "मागून डुलते."

चिमट्याचा मुख्य बोल्ट गंजून आतल्या नळीला चिकटलेला असतो. तेल टाकून रात्रभर ठेवा. घण घालाल तर बोल्टाचे टोक पसरून तो मुळीच निघणार नाही. जुना बुश प्रेसने काढावा. प्रेस नसेल तर लांब आटे-बोल्ट, दोन वॉशर आणि योग्य मापाची गोटी लावून ओढून काढता येतो. लेथवर पितळी बुश करून घेताना लेथवाल्याकडे नुसते माप पाठवू नका, चिमटाच पाठवा. बुश दाबून बसविला की त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून आतले शेवटचे माप बसविल्यानंतरच काढावे लागते. ग्रीस पाण्याला टिकणारे भरा.

शॉकअप सीलबंद असेल तर तो बदलावा. त्यात पुष्कळदा दाबलेला वायू असतो. त्याला भोक पाडणे किंवा आच देणे जिवावर बेतू शकते. स्प्रिंगही कॉम्प्रेसरशिवाय सोडू नये. शॉकअपच्या डोळ्यात रबरी बुश असतील तर बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. अधांतरी आवळला तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. हे कित्येक जुने उस्तादही करीत नाहीत.

आता वेल्डिंग. शॉकअपच्या कानाजवळ चिमट्याला चीर पडते आणि मालक म्हणतो, टाका मारा. एकदा मीही तसेच केले. आचेने चिमटा एका अंगाला ओढला गेला, ॲक्सल तिरका झाला आणि किनाऱ्यावर चेन वरचेवर उतरू लागली. मालकाचा ऐन दिवाळीच्या सुट्टीतला आठवडा बुडाला. मी मजुरी परत केली, पण ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. तेव्हापासून मुख्य बोल्टापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय मी जोडणी करीत नाही. माप जुळले नाही तर चिमटा नवा.

चेनचा ढिलेपणा पाहताना गिअरबॉक्सचे चाक, चिमट्याचा बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत आणावेत. त्या जागी चेन सर्वांत ताठ असते. तेथेही थोडा ढिलेपणा उरला पाहिजे. नायलॉनचे नट नवे घाला. अर्धा तास गाडी चालवून सर्व बोल्ट पुन्हा पाहा. बिलासोबत जुने बुश कागदात बांधून मालकाच्या हाती द्या आणि रोज संध्याकाळी गाडी गोड्या पाण्याने धुवायला सांगा.