संक्रांतीचं वाण घरी बनवा: भेट आपल्या माणसांसाठी, हिशोब धंद्यासाठी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तीळवडी आणि कापडी बटवा बनवताना पाहिला. व्हिडिओत हात दिसतात, पण आकडे नीट लिहून घेता येत नाहीत, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. वाचून सोडून द्यायचा हा लेख नाही, सोबत हिशोब करायचा आहे.

पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ भागात संक्रांतीच्या आठ दिवस आधीपासून घराघरात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. तीळ भाजले जातात, गूळ फोडला जातो, सुगडात घालायला ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे गोळा होतात. घरातली एखादी सून, एखादी काकू अशी असते जिच्या हातची वडी सगळ्या गल्लीत नावाजलेली असते. तिला सगळे म्हणतात, "तू तर विकायला पाहिजेस." ती हसते, आणखी दोन किलो करते आणि वाटून टाकते. तीळ तिचे, गॅस तिचा, चार तासही तिचेच. तिच्या या कामाला घरात कुणीच काम म्हणत नाही, आणि पुष्कळदा तीसुद्धा म्हणत नाही.

आजचा धडा तिच्यासाठी आहे. भेट द्यायची आहे, जरूर द्या. फक्त या वर्षी ती भेट मोजून द्या.

१. आधी हंगाम किती दिवसांचा, ते बघा

संक्रांतीचं हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. संक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र तिथीवर, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला. त्यामुळे मधले दिवस दरवर्षी बदलतात. ही तीन वर्षं बघा:

- २०२४: १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी, म्हणजे ३२ दिवस
- २०२५: १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, म्हणजे २१ दिवस
- २०२६: १४ जानेवारी ते २५ जानेवारी, म्हणजे फक्त ११ दिवस

माल तोच आणि गिऱ्हाईकही तेच, पण विकायला एका वर्षी महिनाभर मिळतो आणि एका वर्षी दीड आठवडा. जो ३२ दिवसांच्या अंदाजाने माल भरतो आणि ११ दिवसांत अडकतो, त्याचा पैसा बटव्यात नाही, कपाटात जातो. म्हणून कॅलेंडरवर रथसप्तमीला आधी गोल करा, मग तीळ आणायला जा.

२. कोणाला देणार, ते ठरवा

वाण आणि तिळगूळ ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत.

वाण लुटणारी ताई पन्नास-साठ बायकांना बोलावते. ती एका नगाचा भाव विचारते आणि लगेच मनात पन्नासने गुणते. तिला सगळे नग सारखे, टिकाऊ आणि वेळेवर हवे असतात. तिच्यासाठी बटवा.

तिळगूळ मात्र सगळ्यांना दिला जातो: शेजारी, दुकानदार, शाळेतले सर, बँकेतले साहेब, मामाच्या गावचे पाहुणे. वाण सवाष्णींनाच देण्याची जुनी रीत आहे, पण आता बऱ्याच ठिकाणी विधवा आणि एकल महिलांनाही मानाने बोलावलं जातं. तिळाची वडी तर कुणालाच चुकवत नाही. तिच्यासाठी १०० ग्रॅमचं पाकीट.

तिसरं गिऱ्हाईक हलव्याच्या दागिन्यांचं. नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरनहाण. यात पैसे चांगले मिळतात, पण काम नाजूक आहे. साखरेच्या पाकाचे हलके थर देत, मंद आचेवर हलवत हलव्याला काटा आणणं हे सरावाचं काम. पहिल्या वर्षी हलवा तयार विकत घ्या, फक्त दागिने ओवा. आणि निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय सुरुवात करू नका, कारण एका बाळाच्या मापाचे दागिने दुसऱ्या घरी विकत नाहीत.

३. तीळवडी: कृती आणि किंमत

साहित्य: तीळ १ किलो, चिक्कीचा गूळ १ किलो, भाजलेल्या दाण्यांचा कूट पाव किलो, तूप ५० ग्रॅम, वेलची.

तीळ निवडून मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले की उतरवा, रंग येईपर्यंत थांबलात तर कडू होतात. कढईत तूप-गूळ वितळवा. पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाका. बोटांनी मऊ गोळी वळली तर वडी मऊ होईल. गोळी टणक होऊन ताटलीवर टण वाजली तर कडक चिक्की होईल. तुम्हाला काय विकायचंय ते आधी ठरवा आणि दरवेळी त्याच गोळीवर गॅस बंद करा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते पहिल्यासारखीच वडी मिळावी म्हणून.

तीळ, कूट, वेलची घालून भराभर हलवा, तूप लावलेल्या ताटात किंवा ओट्यावर लाटा, गरम असतानाच काप द्या. नंतर पूर्ण गार होऊ द्या. कोमट वडी पाकिटात भरली की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत चिकट होते.

एवढ्या साहित्यात साधारण २.२ किलो वडी होते, म्हणजे १०० ग्रॅमची २२ पाकिटं. आता हिशोब. खालचे भाव समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारातले घाला.

- तीळ २००, गूळ ६०, दाणे ३५, तूप ३२, वेलची १३, गॅस २५. एकूण ३६५ रुपये
- एका पाकिटाला साहित्य: १७ रुपये
- पाकीट आणि लेबल: ७ रुपये
- मजुरी: ४ तास, तासाला ६० रुपये, म्हणजे २४० रुपये. एका पाकिटाला ११ रुपये
- बेरीज ३५. त्यावर तुटफूट आणि नमुन्याचे १० टक्के. एकूण सुमारे ३९ रुपये

५० रुपयांना स्वतः विकलं तर ११ रुपये नफा. हेच पाकीट दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ४० येतात, नफा १ रुपया. म्हणजे ५० हा थेट विक्रीचा भाव आहे, दुकानाचा नाही. दुकानात ठेवायचं असेल तर भाव किंवा पाकिटाचं वजन पुन्हा ठरवावं लागेल.

आता मजुरीची ओळ खोडून बघा. पाकीट २४ रुपयांत पडलं असं वाटतं. नणंद म्हणते, "घरचंच आहे, ३० ला दे." तुम्ही देता, ६ रुपये सुटले म्हणून खूशही होता. २२ पाकिटांचे झाले १३२ रुपये, चार तासांत. तासाला ३३ रुपये, आणि तुटफूट तर अजून धरलीच नाही. मजुरीची ओळ खोडली की खोडली जाता तुम्ही.

४. बटवा: एका मीटरमध्ये १२ नग

४४ इंच पन्ह्याचं सुती किंवा खणाचं कापड १ मीटर घ्या. खणाचा पन्हा कमी-जास्त असतो, आधी मोजून घ्या. ७ इंच रुंद आणि १८ इंच लांब असे तुकडे कापा. पन्ह्यात ६, लांबीत २, म्हणजे १२ तुकडे. मधोमध दुमडून दोन्ही बाजू अर्धा इंच शिलाईने बंद करा, वर एक इंचाची नाडीची पट्टी ठेवा. तयार बटवा ६ बाय ८ इंच. प्रत्येकाला १६ इंचाच्या दोन नाड्या, १२ बटव्यांना साधारण १० मीटर.

कापड १२०, नाडी ३०, दोरा ६, असे १५६ रुपये. एका बटव्याला १३. शिवायला १५ मिनिटं, मजुरी १५. झाले २८, तुटफुटीसह ३१. ४० रुपये भाव ठेवता येतो.

बटव्याचा मोठा फायदा म्हणजे रथसप्तमीनंतरही तो शिळा होत नाही. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं, मंदिरात बाहेरगावचे भाविक येतात. उदी, प्रसाद ठेवायला लहान बटवा त्यांना उपयोगी पडतो. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून लग्न-बारशालाही कापडी पिशवीला मागणी असते. एवढंच करा की कापडावर पतंग किंवा "तिळगूळ घ्या" छापू नका. तसं छापलं की माल जानेवारीपुरताच उरतो.

५. भेट द्या, पण वहीत लिहा

पहिल्या २२ पाकिटांची वाटणी अशी करा: १० भेट, ३ कपाटात, ९ विक्रीला.

कपाटातली ३ पाकिटं ५व्या, १०व्या आणि २०व्या दिवशी उघडा. चव, वास, चिकटपणा लिहून ठेवा. "किती दिवस टिकतं?" या प्रश्नाला तुमचं स्वतःचं उत्तर तयार होईल.

९ पाकिटं विकून ४५० रुपये येतात. साहित्य आणि पाकिटांवर रोख खर्च झाला ५१९. म्हणजे १० माणसांना भेट दिली, ३ पाकिटं तपासणीला ठेवली, आणि रोख कमी पडली फक्त ६९ रुपयांची. वर तुमचे चार तास. यापेक्षा स्वस्त बाजार चाचणी मला माहीत नाही.

भेट देताना "कशी झालीय?" असं विचारू नका. आपली माणसं "छान" म्हणणारच. दोन दिवसांनी विचारा, "अशी १० पाकिटं ५० रुपयांनी घ्याल का? कधी हवीत?" कौतुक आणि ऑर्डर यांतला फरक तिथे कळतो.

६. कर्ज आणि कागद

पहिल्या हंगामाला कर्ज काढू नका. बचत गटाचं असो की फायनान्सवाल्याचं. हंगाम रथसप्तमीला संपतो, हप्ता संपत नाही. ऑर्डर घ्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, त्यातून तीळ आणा.

लिज्जत पापडाची सुरुवात लक्षात ठेवा. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी झाली फक्त चार पाकिटं. पापड तेव्हा घराघरात होत होता, तरी त्यांनी तो मोजून आणि विकण्यासाठी लाटला.

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. छोट्या घरगुती उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते, फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. लेबलवर नाव-पत्ता, फोन, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, किंमत, शाकाहाराची हिरवी खूण आणि हा क्रमांक लिहा. तीळ आणि शेंगदाणे ठळक लिहा, काहींना त्यांची ॲलर्जी असते. उद्यम नोंदणी पोर्टलवर मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

७. उलटं वेळापत्रक

- डिसेंबरचा पहिला आठवडा: पहिली २२ पाकिटं, १२ बटवे
- दुसरा आठवडा: भेटी, नमुने, भाव पक्का
- २५ डिसेंबरपर्यंत: वाणाच्या ऑर्डरी, आगाऊ रक्कम
- जानेवारीचा पहिला आठवडा: बटवे शिवून पूर्ण
- ७ ते १३ जानेवारी: वडी, ऑर्डरीप्रमाणे, ताजी
- संक्रांतीनंतर: नवीन वडी फक्त ऑर्डर असेल तरच

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: साहित्य, पॅकिंग, माझे तास. तुम्ही दरवर्षी फुकट वाटता अशी एक वस्तू निवडा. वडी असेल, लोणचं असेल, उटणं असेल. तिचे तिन्ही रकाने भरा. तिसऱ्या रकान्यापाशी हात अडखळेल, तरी आकडा लिहाच. पुढच्या व्हिडिओत आपण याच पानावरून दुकानदारासाठी भाव कसा काढायचा ते शिकणार आहोत, तेव्हा पान भरलेलं हवं.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि भाव सांगताना स्पष्ट बोला!