आधी दाब लिही, मग आकडा

राणी, हृदयाच्या पेशीचा कडकपणा मोजायला निघालीस, तर यंत्राला हात लावण्याआधी पेशी पारखायला शीक. लांबट, काठ सरळ असलेली, आडवे पट्टे स्वच्छ दिसणारी घे. आखडून गोळा झालेली पेशी मरायला टेकलेली असते. तिचा आकडा वहीत नको. पेशी सुट्या केल्यावर कॅल्शियम पायरीपायरीनं वाढवायचं. घाई केलीस की भांडंभर गोळेच उरतील.

तुमचं यंत्र, एएफएम म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक, हा शोध १९८६चा, पण त्यामागचं गणित हर्ट्झचं, १८८२चं, काचेच्या भिंगांसाठी मांडलेलं. ते गृहीत धरतं की खालची वस्तू एकजिनसी आहे आणि तिला तळच नाही. पेशीला तळ असतो, गं. पातळ थापलेली भाकरी बोटानं दाबत गेलीस, तर शेवटी परातच लागते. म्हणून जाडीच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नकोस. यंत्रातली पेशी दाबणारी लवचीक पट्टी टोकदार सुईची घेण्यापेक्षा काही मायक्रॉनचा मणी चिकटवलेली घे. सुई एकदा पेशीतल्या तंतूवर टेकते, एकदा शेजारी, आणि आकडे नुसते नाचतात. पट्टीच्या डबीवर छापलेल्या ताठपणावर विसंबू नकोस. त्याच द्रवात, त्याच दिवशी, स्वतः मोजून घे.

आपल्या जुळे सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तरी अंगातलं रक्त सदतीसच्या आसपासच राहतं. पेशीलाही तेच दे. एसीच्या गारव्यातला आकडा वेगळा निघतो. मात्र ऊब दिलीस की सोन्याचा मुलामा असलेली पट्टी आपोआप वाकते. ती स्थिरावेपर्यंत चहा पिऊन ये.

धडधडणाऱ्या पेशीला नेमकं कधी दाबलंस, तेही लिही. आकुंचनात ती ताठ, सैलावली की मऊ. झपाट्यानं दाबलीस तर आणखीच कडक भासते, म्हणून वेगही नोंदव. धडधड थांबवायला ब्लेबिस्टॅटिन घालशील, पण ते निळ्या प्रकाशात निकामी होतं आणि पेशीलाही बाधतं. दिवा बघून लाव.

आणि एक. वरून दाबून मिळालेल्या आकड्यावरून हृदय कसं भरतं हे सांगायला जाऊ नकोस. भरताना पेशी लांबीनं ताणली जाते, तिथं टायटिन नावाचं प्रथिन ओढ धरतं. ते मोजायला पेशीची दोन्ही टोकं कार्बनच्या तंतूंना चिकटवून ओढतात. तुमच्याकडे ती सोय नसेल, तर प्रबंधात सरळ ‘आडवा कडकपणा’ असंच लिही, मग गाइड काहीही म्हणोत.