पऱ्हाटीचा कोळसा : हवेतील कर्ब जमिनीत राखण्याचा उपाय

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की बडनेऱ्याच्या आसपास धुऱ्याधुऱ्यावर धूर दिसू लागतो. पऱ्हाटी शेतात उभी ठेवणे इष्ट नाही. तिच्यावर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते व पुढील हंगामात पिकावर उतरते. म्हणून शेतकरी पऱ्हाटी उपटून पेटवितो. शेत मोकळे होते. परंतु या अग्नीत काय नाहीसे होते, याचा विचार सहसा होत नाही.

कर्ब कोठे जातो?

वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के कर्ब असतो. हा कर्ब झाडाने पानांवाटे हवेतूनच घेतलेला असतो. पऱ्हाटी जाळली की तो कर्बाम्ल वायूच्या रूपाने पुन्हा हवेत मिसळतो. हाच वायू वाढल्यामुळे पृथ्वीचे उष्णतामान चढत आहे.

दगडी कोळशाच्या विद्युत्‌केंद्रांतूनही हा वायू फार मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. तो धुराड्यातच पकडण्याचे प्रयत्न चालू आहेत. मध्य प्रदेशातील विंध्याचल विद्युत्‌केंद्रात २०२२ साली दररोज २० टन वायू पकडणारे यंत्र बसविण्यात आले. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मध्ये या विषयाचे राष्ट्रीय संशोधनकेंद्र आहे. अशी यंत्रे फार खर्चाची असतात. शेतकऱ्याजवळ मात्र वायू पकडणारे यंत्र आयतेच आहे, ते म्हणजे त्याचे पीक. पिकाने पकडलेला कर्ब राखून कसा ठेवावा, एवढाच प्रश्न उरतो.

जैवकोळसा

पऱ्हाटी भरपूर हवेत जळाली तर राख उरते. अपुऱ्या हवेत तापली तर कोळसा उरतो. शेतात घालण्यासाठी केलेल्या अशा कोळशास जैवकोळसा किंवा बायोचार म्हणतात. मातीतील जंतूंना तो सहज कुजविता येत नाही. म्हणून त्यातील बराचसा कर्ब शेकडो वर्षे जमिनीत टिकतो.

हिशेब सोपा आहे. एका एकरात सुमारे एक टन वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरल्यास तिचा सुमारे २५० किलो कोळसा होतो. त्यात १६० किलोंच्या आसपास कर्ब असतो. हा कर्ब जळून हवेत गेला असता, तर त्याचा सुमारे ६०० किलो कर्बाम्ल वायू झाला असता.

कृती

वर पाच फूट व तळाशी अडीच फूट रुंद, तीन फूट खोल असा उतरत्या बाजूंचा खड्डा खणावा. पऱ्हाटी पूर्ण वाळलेली असावी; ओली पऱ्हाटी धूर करते. तळाशी थोडी पऱ्हाटी पेटवावी. तिच्यावर पांढरी राख दिसू लागताच दुसरा पातळ थर घालावा. वरची ज्वाला खालच्या थरास हवा मिळू देत नाही आणि निघणारा धूरही जाळून टाकते. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विस्तव पूर्ण विझवावा. अर्धवट विझलेला कोळसा रात्री पुन्हा पेट घेतो. खड्डा घरे, गंज्या व गोठे यांपासून दूर असावा. वारा सुटला असता हे काम करू नये.

जमिनीत घालताना

कोळसा हे खत नव्हे. तो भुकटी करून शेणखतात मिसळावा, महिनाभर ओलसर ठेवावा व नंतर शेतात घालावा. वऱ्हाडातील काळी जमीन बहुधा अल्कधर्मी असते आणि ताजा कोळसाही अल्कधर्मीच असतो. भातकुली, दर्यापूर या तालुक्यांतील खारपाण पट्ट्यात तर विशेष सावधगिरी हवी. माती तपासून प्रथम चार गुंठ्यांतच प्रयोग करावा. शेजारचे चार गुंठे कोळशाविना ठेवून दोन्हींच्या उत्पन्नाची तुलना करावी. उत्पन्न वाढेलच, असे आश्वासन कोणीही देऊ नये.

व्यापार व शेतकऱ्याचा वाटा

जमिनीत राखलेल्या कर्बाला आता बाजार मिळू लागला आहे. जानेवारी २०२६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने वराह या भारतीय कंपनीशी करार केला. महाराष्ट्रातील पऱ्हाटीचा जैवकोळसा करून तीन वर्षांत एक लाख टनांहून अधिक कर्बाम्ल वायूची भरपाई करावयाची, असा हा करार आहे. हे काम खड्ड्यांत नव्हे, मोठ्या भट्ट्यांत व्हावयाचे आहे.

असा व्यवहार गावात आल्यास शेतकऱ्याने सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात. मोबदला पऱ्हाटीच्या वजनावर मिळणार की कर्बाच्या विक्रीत वाटा मिळणार? उपटण्याची व वाहतुकीची मजुरी कोण देणार? पैसे केव्हा मिळणार? तयार कोळसा कोणाच्या शेतात जाणार? पऱ्हाटी कायमची शेताबाहेर गेली, तर जमिनीस त्याबदली काय मिळणार? कराराची प्रत शेतकऱ्याने स्वतःजवळ ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

ज्या घरी पऱ्हाटीवर चूल पेटते, तेथे तिचा उपयोग आधीच होत आहे. तिच्यासाठी आग्रह धरू नये. ज्याच्याजवळ तुकडे करण्याचे यंत्र आहे, त्याने पऱ्हाटी बारीक करून जमिनीत कुजविणे हेही चांगलेच. तिच्यातील कर्ब लवकर परततो, पण जमिनीस अन्न मिळते. आग्रह धरावयाचा तो धुऱ्यावर व्यर्थ जळणाऱ्या पऱ्हाटीविषयी. गावात एक खड्डा सर्वांसमक्ष पेटवून दाखवावा आणि राख व कोळसा शेजारी शेजारी ठेवावेत. दहा भाषणांपेक्षा हे दोन ढीग अधिक बोलतील.