खाऱ्या टाकीतले उपद्रवी जीव : अनुभवाचे बोल

रीफ टँकमधले, म्हणजे कोरलच्या खाऱ्या टाकीतले, उपद्रवी जीव खडकाच्या कपारीतून, कोरलच्या बुंध्यावरून किंवा माशांच्या पिशवीतल्या पाण्यातून आत येतात आणि उरलेल्या अन्नावर वाढतात. जळगाव-धुळ्यात मुंबईहून आणलेले मासे तीन-चारशे किलोमीटरच्या प्रवासाने थकलेले असतात. त्यांना लगेच मुख्य टाकीत सोडण्याची घाई सर्वांत महाग पडते. नव्या माशाला चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. तांब्याचे औषध तिथेच वापरावे. मुख्य टाकीत त्याने कोळंब्या, गोगलगायी आणि कोरल मरतात.

दुसरा धोका लाइव्ह रॉकचा, म्हणजे जिवंत प्रवाळखडकाचा. भित्ती बांधणारी प्रवाळे (कोरल) 2001 साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आली. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळखडक काढणे गुन्हा ठरतो. कोरडा कृत्रिम खडक कायदेशीर असतो आणि त्यातून कीडही येत नाही. आधीच आणलेला खडक कीड मारण्यासाठी कधीही उकळू नये. त्यावर झोअँथिड हे कोरलसारखे जीव असल्यास वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरते आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते.

ॲप्टेशिया हे तपकिरी समुद्रफूल खरवडू नये; राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे फूल उगवते. पंप बंद करून सिरिंजने त्याच्या तोंडावर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सोडावी. एका वेळी थोडीच फुले घ्यावीत, नाहीतर पाण्याचा पीएच एकदम चढतो. पेपरमिंट कोळंबी ॲप्टेशिया खाते, पण तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी कोरल कुरतडते. खरेदी करताना नीट पारखावे.

ब्रिसल वर्म बहुधा सफाईच करतात. त्यांची संख्या वाढली तर माशांना अन्न जास्त पडते आहे असे समजावे. त्यांचे केस बोटात रुततात, म्हणून हातमोजे घालावेत. लाल चपटे कृमी मात्र मरताना विष सोडतात. औषध घालण्यापूर्वी नळीने जितके ओढता येतील तितके काढावेत, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावावा आणि बदलायचे खारे पाणी तयार ठेवावे.

वाळूवर पसरणारा लाल चिकट थर सायनोबॅक्टेरियाचा असतो. तो ओढून काढावा, प्रवाह वाढवावा आणि अन्न कमी करावे. बुडबुडे धरणारे तपकिरी धागे डायनोफ्लॅजेलेटचे असू शकतात. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेल्यावर ते अनेकदा फोफावतात. तिथे अन्न आणखी तोडल्यास त्रास वाढतो. म्हणून आधी पाणी तपासावे, मगच उपाय ठरवावा.

खान्देशात पाण्याकडे विशेष लक्ष हवे. बोअरच्या कठीण पाण्यातले सिलिकेट तपकिरी थर वाढवते आणि शेतातल्या खतांचे नायट्रेट शेवाळाला पोसते. मीठ कालवायला आणि भर घालायला आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेले) पाणीच घ्यावे. टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पंख्याने टाकी चांगली थंड होते, पण बाष्पीभवनाने क्षारता चढते. उडालेल्या पाण्याची तूट रोज गोड्या पाण्याने भरावी आणि क्षारता हजारी 35 च्या आसपास राखावी. तापमान 25-26 अंशांवर राहिले तर कोरल सशक्त राहते आणि कीड त्याच्यावर सहज मात करत नाही.